कॅरिलॉनची घंटा ठप्प वाजते, दोनदा वाजते किंवा वाजतच नाही: तपासणी कुठून सुरू करावी

“घंटा बिघडली आहे, लवकर या.” हा निरोप मला इतक्या वेळा आला आहे की आता जिना चढता चढताच मनात तपासणीचा क्रम लागतो. वर पोचल्यावर घंटा जवळजवळ प्रत्येक वेळी ठणठणीत निघते. बिघाड असतो तो वादकाची मूठ आणि घंटेचा काठ यांच्या मधल्या वाटेवर: लाकडी दांडीत, तारेत, क्रँकमध्ये (तारेची ओढ वळवणाऱ्या फिरत्या जोडात) किंवा लोलकाच्या खिळीत. ती वाट नीट तपासली तर दहापैकी आठ-नऊ वेळा काम हातपाना आणि थोडा धीर यांवर भागतं, हा माझा अनुभव आहे.

स्मारक मनोऱ्यातलं कॅरिलॉन वाजवणाऱ्या किंवा सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. ज्यांना हे वाद्य नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: मनोऱ्यात टांगलेल्या, सुरात लावलेल्या किमान २३ कांस्य घंटा आणि त्या वाजवणारा एक कीबोर्ड, याला कॅरिलॉन म्हणतात. घंटा हलत नाहीत, आतला लोलक हलतो. वादक मुठीने लाकडी दांड्या दाबतो, मोठ्या घंटांसाठी पायानेही दाबतो, आणि प्रत्येक दांडीपासून एक तार वरच्या लोलकापर्यंत जाते.

लक्षणं

यांपैकी काही ओळखीचं वाटतं का बघा.

- घंटा वाजते पण नाद घुमत नाही. ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्प’. लोलक घंटेला टेकूनच राहतो आणि नाद गिळून टाकतो.
- एका दाबाला दोन ठोके. दुसरा ठोका हलका असतो, पण जलद चालीत सगळी लय मोडतो.
- जोरात मारलं तरच घंटा बोलते. हळुवार वाजवायला गेलं की काहीच ऐकू येत नाही.
- दांडी जड लागते, किंवा खाली जाते पण वर यायला वेळ घेते.
- नादात खरखर किंवा झणझण मिसळते, जणू कुठेतरी पत्रा थरथरतो आहे.
- ठोका नीट बसतो, पण आवाज पूर्वीपेक्षा कर्कश, टोचणारा झाला आहे.
- घंटा फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. हे शेवटचं लक्षण असेल तर पुढचं काहीही करण्याआधी ती घंटा वाजवणं थांबवा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

पानाही हातात घेण्याआधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: बिघाड एका घंटेत आहे, शेजारशेजारच्या चार-पाच घंटांत आहे, की सगळ्यांत? याच्या उत्तरावर निम्मं निदान होतं. सगळ्या घंटा एकाच दिशेने बिघडल्या असतील, म्हणजे सगळ्या ठप्प किंवा सगळ्या दुबळ्या, तर कारण हवामान आहे. एकच घंटा बिघडली असेल तर तिच्या स्वतःच्या वाटेवर काहीतरी घासतंय, सैल झालंय किंवा झिजलंय. शेजारच्या काही घंटा एकदम बिघडल्या तर त्यांच्यात सामायिक काय आहे ते शोधा: एखादी रोलरची चौकट, वरून ठिबकणारं पाणी, कुणी नव्याने ओढलेली विजेची केबल.

मी कीबोर्डजवळ एक साधी वही ठेवतो. तारीख, तापमान, कोणती घंटा, काय ऐकू आलं, काय केलं, एवढंच त्यात लिहायचं. एका ऋतूनंतर ही वही कोणत्याही उपकरणापेक्षा जास्त सांगते. एक घंटा दर महिन्याला त्याच दिशेने टर्नबकलचा (तारेची लांबी कमी-जास्त करणाऱ्या आटेदार जोडाचा) पाव फेरा मागते आहे असं दिसलं, तर तिथे झीज चालू आहे. तारेचा ताण बदलून ती झीज थांबणार नाही.

पहिली तपासणी: टर्नबकल आणि फेल्ट

खर्च शून्य, वेळ काही मिनिटं.

आधी हे समजून घेऊ की दांडी पूर्ण दाबली तरी लोलक घंटेला टेकता कामा नये. दांडी साधारण पाच सेंटिमीटर खाली जाते. ती तळाला टेकते तेव्हा लोलक काठापासून अगदी थोड्या अंतरावर थांबलेला असायला हवा. लहान घंटांना हे अंतर एक-दोन मिलिमीटर, मोठ्यांना थोडं जास्त. उरलेलं अंतर लोलक स्वतःच्या वेगाने कापतो, घंटेवर आपटतो आणि लगेच मागे येतो. वादकाचा हात दांडीवर दाबलेलाच असला तरी घंटा मोकळी घुमत राहते, ती या फटीमुळे.

फट संपली की ‘ठप्प’. फट वाढली की हळुवार ठोका पोचतच नाही.

आता हवामानाचं गणित करू. पोलाद दर अंशाला स्वतःच्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतकं वाढतं किंवा आकसतं. १० मीटर तार आणि २० अंशांचा फरक धरला तर लांबीत २.४ मिलिमीटरचा बदल होतो. ज्या फटीचं काम एक-दोन मिलिमीटरवर चालतं, तिच्यासाठी हा बदल फार मोठा आहे. मनोऱ्याचं बांधकामही तापतं आणि निवतं, पण दगडाची किंवा काँक्रीटची जाड भिंत सावकाश बदलते आणि बारीक तार लगेच. म्हणून हवा अचानक पालटली की तक्रार येते. थंडी पडली की तारा आखडून लोलक पुढे सरकतात आणि घंटा ठप्प होतात. ऊन तापलं की तारा सैल पडतात आणि घंटा दुबळ्या होतात.

याच कारणाने दर वादनाआधी तारा जुळवणं हा वादकाच्या कामाचाच भाग आहे. दांडीच्या मागे, तारेच्या खालच्या टोकाला टर्नबकल असतो. दांडी हळूच तळापर्यंत दाबून धरा. मग वरच्या बाजूला तारेला बोटाने हलका झटका देऊन ऐका. नाद मोकळा असेल तर ठीक. लगेच मेला तर तार किंचित सैल करा. हळुवार ठोका पोचत नसेल तर किंचित आवळा. ‘किंचित’ म्हणजे पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. फेरा दिल्यावर पुन्हा ऐका. जुळवल्यानंतर चेक नट, म्हणजे टर्नबकल जागी घट्ट धरणारा नट, असेल तर तो आवळायला विसरू नका, नाहीतर वादनाच्या हादऱ्यांनी टर्नबकल आपोआप फिरतो आणि गाण्याच्या मध्येच ती घंटा पुन्हा बिघडते.

घाईत सगळ्यात जास्त चूक इथे होते. एकच घंटा ठप्प आहे आणि टर्नबकल दोन-तीन फेरे सैल केल्यावर ती सुधारली, तर मूळ दोष तसाच लपून राहिला असं समजा. दांडीखालचं फेल्ट, म्हणजे दांडी जिच्यावर टेकते ती नमद्याची पट्टी, बघा. जी घंटा सतत वाजते तिच्या दांडीखालचं फेल्ट चेपून कडक होतं, दांडी पूर्वीपेक्षा खोल जाते आणि तितका लोलक पुढे येतो. तार सैल करून आवाज सुधारतो खरा, पण दांडीचा स्पर्श शेजारच्या दांडीपेक्षा वेगळा लागू लागतो आणि वादकाचा हात फसतो. फेल्टचा तुकडा बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. नवं फेल्ट जुन्याइतक्याच जाडीचं घ्या आणि लावल्यानंतरच तार जुळवा.

दुसरी तपासणी: दांडी मोकळी आहे का

दमट हवेत लाकूड फुगतं. दांडी ज्या खाचेतून किंवा खिळीच्या आधाराने वरखाली होते तिथे ती घासू लागते. दांडी बाजूला किंचित हलवून बघा, थोडी तरी हलायला हवी. घासल्याची चकाकी दिसली तर तेवढीच जागा बारीक काचकागदाने हलकेच पुसा. लाकडाला तेल लावू नका. ते आत शिरतं, धूळ धरतं आणि पुढच्या पावसाळी हवेत दांडी आणखी जड होते.

तिसरी तपासणी: वाट अर्धी करून दोष पकडा

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी युक्ती हीच आहे, आणि ती फार कमी लोक करतात. दांडी जड आहे किंवा सावकाश परतते, पण दोष कीबोर्डमध्ये आहे की वर, हे खाली बसून कळत नाही. मग टर्नबकलपाशी तार दांडीपासून सोडवा. सोडवण्याआधी टर्नबकलचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून वहीत लिहा, म्हणजे परत जोडताना तीच जागा मिळेल. आता नुसती दांडी वरखाली करा. ती अडत असेल तर दोष खालीच आहे, जिना चढायची गरज नाही. ती मोकळी असेल तर तारेचं टोक हाताने हळूच ओढून सोडा. लोलक सहज जाऊन परत येतो का, की मध्ये कुठे खरखरतो, हे बोटांना स्पष्ट कळतं.

दोष वर असेल तर हीच युक्ती पुढच्या जोडावर करा. क्रँकपाशी तार सोडवा, क्रँक हाताने फिरवून बघा, मग त्याच्या पलीकडचा लोलक. दर वेळी वाट अर्धी होते. तासन्‌तास वर उभं राहून सगळ्याच सांध्यांना ग्रीस चोपडण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

चौथी तपासणी: तारेच्या मागोमाग वर

इथून पुढे घंटांच्या मजल्यावर जायचं आहे, म्हणून आधी काही गोष्टी ठाम सांगतो. घड्याळाचे टोले किंवा आपोआप वाजणारी गाणी असतील तर ती यंत्रणा मुख्य स्विचवरच बंद करा आणि तिथे पाटी लावा. नुसतं ‘आता तास व्हायला वेळ आहे’ म्हणून वर जाऊ नका. कीबोर्डवर कुणी बसणार नाही याची खात्री करा. कानांना संरक्षण लावा, कारण त्या बंद जागेत जवळून बसणारा एक ठोकाही श्रवणाला इजा करू शकतो. पक्ष्यांची विष्ठा साचली असेल तर मास्क घाला आणि ती कोरडी झाडू नका. हत्यारं दोरीने मनगटाला बांधा. आणि एकट्याने जाऊ नका.

आता तार खालून वर डोळ्यांनी वाचत जा. बिघाडाला बोटभर काडीही पुरते: झडपांची जाळी फाटली की पक्षी येतात, घरटं तारांवर बसतं आणि दोन-तीन शेजारच्या दांड्या एकदम जड होतात. तार कुठे भिंतीला, तुळईला किंवा शेजारच्या तारेला टेकते का? टेकण्याच्या जागी चकाकी असते, तीच शोधा. तारेला मोड आला असेल, एखादी नागमोडी जागा असेल, तर ती तार सरळ करून पुन्हा वापरू नका. मोडलेली जागा ताणाखाली हळूहळू सरळ होत राहते, म्हणून रोज जुळवूनही ती घंटा रोज बिघडते. मी अशी एक तार तीन आठवडे जुळवत बसलो होतो. टॉर्च तिरपा धरल्यावर मोड दिसला.

स्टेनलेस तारेच्या जागी हाताला लागली ती साधी तार बांधलेली मला अनेकदा दिसली आहे. वेगळ्या जाडीची तार वेगळी ताणते आणि साधी तार गंजते. तशी दुरुस्ती तात्पुरती असेल तर तसं वहीत लिहा आणि योग्य तार मागवा.

पाचवी तपासणी: क्रँक, रोलर आणि त्यांचे सांधे

या जोडांचा इतिहास मला मोलाचा वाटतो, कारण कॅरिलॉन हे हळुवार वाजणारं वाद्य झालं ते या जोडांमुळे. सुरात लावलेल्या घंटा आधीच होत्या. फ्रान्स्वा आणि पीटर हेमोनी या भावांनी, अंध संगीतकार याकोब फान आइक यांच्या मदतीने, १६४० च्या दशकात नेदरलँड्समधल्या झुत्फेनसाठी अशा घंटा ओतल्या. पुढे ती सूक्ष्म सूर लावण्याची विद्या मागे पडली आणि १९ व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पुन्हा हाती आली. पण घंटा सुरात असूनही कीबोर्ड जड आणि खडबडीत असेल तर त्यावर बारकावे निघत नाहीत. बेल्जियममधल्या मेखलनचे वादक येफ डेनेन यांनी हे जोड सुधारण्यावर आयुष्यभर मेहनत घेतली. त्यांच्या वादनातून दिसलं की मुठीने वाजणाऱ्या टनावारी वजनाच्या घंटांवरही कुजबुजीइतका हलका सूर काढता येतो. १९२२ मध्ये मेखलनला कॅरिलॉनची शाळा त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाली. एखादा क्रँक घासतो आणि हळुवार ठोका हरवतो, तेव्हा नेमकी ही कमाई हातची जाते.

तर आता सांधे. आधी त्यात बेअरिंग कसलं आहे ते ओळखा. बंद बॉल बेअरिंगला किंवा नायलॉनच्या बुशला (सांध्यातल्या नळीसारख्या अस्तराला) तेल-ग्रीस लागत नाही, उलट बाहेरून लावलेलं ग्रीस धूळ आणि पंखांचे तंतू गोळा करून घट्ट लगदा बनवतं. जुन्या साध्या पितळी बुशला हलकं तेल, एखादा थेंब, पुसून घेतलेलं. गंज सोडवायचा घरगुती फवारा इथे वापरू नका. त्या दिवशी सगळं सुरळीत वाटतं, पण तो उडून जाताना जुनं तेलही घेऊन जातो.

क्रँक बोटांत धरून बाजूला हलवा. थोडा खेळ असतोच. पण खटखट ऐकू आली तर दोन ठोक्यांचं आणि झणझणीचंही कारण सापडलं असं समजा. बुश बदलणं सोपं असेल आणि सुटा भाग हाताशी असेल तर बदला. पूर्ण चौकट उतरवावी लागत असेल तर थांबा, ते काम कॅरिलॉन दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं.

सहावी तपासणी: लोलक आणि त्याची स्प्रिंग

लहान घंटांचे लोलक हलके असतात, स्वतःच्या वजनाने ते पुरेसे झपाट्याने मागे येत नाहीत. म्हणून त्यांना परतीची स्प्रिंग असते. ती सैल पडली किंवा तुटली की लोलक घंटेजवळच रेंगाळतो आणि एका दाबाला दोन ठोके मिळतात. शेजारच्या, चांगल्या वाजणाऱ्या घंटेची स्प्रिंग समोर ठेवून तुलना करा. ताण वाढवायचा तर थोडाच, कारण जितकी स्प्रिंग कडक तितकी दांडी जड.

मग लोलकाचा गोळा बघा. तो दांड्यावर घट्ट आहे का? ज्या खिळीवर लोलक झुलतो तिथे आडवा खेळ आहे का? आडवा खेळ असेल तर ठोका दर वेळी काठाच्या वेगळ्या जागी बसतो आणि एकाच सुराचा रंग बदलत राहतो.

आवाज कर्कश झाल्याची तक्रार असेल तर उत्तर बहुतेक गोळ्यावर दिसतं. लोलकाचं लोखंड मुद्दाम फार कडक ठेवत नाहीत. झीज व्हायची तर ती बदलता येणाऱ्या लोलकाची व्हावी, घंटेची नव्हे. वर्षानुवर्षं ठोके बसून गोळ्यावर एक चपटी जागा तयार होते. गोल पृष्ठभागाऐवजी सपाट पृष्ठभाग घंटेला भिडतो, तीक्ष्ण वरचे सूर जास्त उठतात आणि खालचा भरदार नाद मागे पडतो. चपटी जागा पाहिली, मोजली, फोटो काढला, की तुमचं काम संपलं. ती घासून गोल करायला स्वतः बसू नका. एका लोलकाचा रंग बदलला की शेजारच्या घंटांशी त्याचा मेळ तुटतो. हे काम सगळ्या सप्तकाचा एकत्र विचार करून, कानाने जोखत करावं लागतं.

ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: बाहेरचा हातोडा

अनेक मनोऱ्यांत एकाच घंटेला दोन वाटा असतात. आतून लोलक, कीबोर्डसाठी. बाहेरून हातोडा, घड्याळाच्या टोल्यासाठी किंवा आपोआप वाजणाऱ्या गाण्यांसाठी. हा हातोडा ठोका देऊन मागे उचललेला राहायला हवा. त्याची स्प्रिंग किंवा थांबा सरकला की तो घंटेवर अलगद टेकून राहतो, आणि बाहेरून हात ठेवावा तसा नाद दाबून टाकतो.

स्मरणदिनाच्या एका सकाळी मला हे शिकायला मिळालं. तीन मोठ्या घंटा ठप्प होत्या. थंडी होती, म्हणून मी टर्नबकल सैल करत गेलो. फट पुरेशी झाली, मग जास्त झाली, तरी ठप्पच. खाली लोक जमत होते, मृतांच्या नावांचं वाचन सुरू व्हायला थोडा वेळ उरला होता. शेवटी वर जाऊन पाहिलं तर तिन्ही हातोडे काठावर टेकलेले. हाताने मागे ढकलल्याबरोबर तिन्ही घंटा मोकळ्या झाल्या. नंतर सगळ्या तारा मला पुन्हा जुळवाव्या लागल्या, कारण मी चांगल्या तारा बिघडवून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून माझा नियम असा: टर्नबकलचा पूर्ण एक फेरा देऊनही ठप्पपणात काहीच फरक पडला नाही, तर टर्नबकल मूळ जागी आणायचा आणि हातोडा बघायला जायचं. हातोडा मागे धरल्यावर नाद मोकळा झाला तर निदान पक्कं. थांब्याचा सैल बोल्ट आवळणं ठीक आहे. पण हातोडा विजेवर चालणारा असेल तर त्याच्या तारा, कॉइल आणि नियंत्रण पेटी उघडू नका. त्यासाठी त्या यंत्रणेचा तंत्रज्ञ बोलवा.

इथे थांबा

आतापर्यंत आपण फक्त बदलता येणाऱ्या भागांना हात लावला. घंटा आणि तिची टांगणी यांना लावला नाही, आणि लावायचाही नाही. कारण सांगतो.

घंटेचं कांस्य म्हणजे साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. हे मिश्रण कडक असतं आणि ठिसूळही. ओतल्यानंतर घंटा आतून कातून तिचे पाच प्रमुख सूर एकमेकांशी जुळवलेले असतात. त्यांत एक कोमल गंधार असतो, म्हणून घंटेच्या नादात ती करुण छटा येते. आतून काढलेला धातू परत लावता येत नाही. कानस, सँडपेपर, तारेचा ब्रश, आम्लाची सफाई, यांतलं काहीही घंटेवर चालवू नका. हिरवट-काळसर थर दिसतो म्हणून घंटा घासणाऱ्यांना मी कळकळीने थांबवलं आहे. तो थर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, घासणं मात्र तसं नसतं. आणि घंटा ‘बेसूर झाली’ असं वाटत असेल तर आधी लोलक, फट आणि हातोडा बघा. तंतुवाद्याची तार उतरते तशी घंटा उतरत नाही.

स्मारकातल्या घंटांबाबत हे दुप्पट लागू आहे. पहिल्या महायुद्धानंतर अनेक ठिकाणी मृतांचं स्मारक म्हणून कॅरिलॉन उभारली गेली. इंग्लंडमधल्या लफबराचं १९२३ चं, ४७ घंटांचं. तिथली सगळ्यात मोठी घंटा ओतशाळेच्या मालकाने युद्धात मारल्या गेलेल्या आपल्या तीन पुतण्यांच्या स्मरणार्थ दिली. सिडनी विद्यापीठाचं १९२८ चं, युद्धात गेलेल्या १९७ विद्यार्थी, पदवीधर आणि कर्मचाऱ्यांसाठी. वेलिंग्टनचं १९३२ चं, तेव्हा ४९ घंटांचं, आता ७४. अशा अनेक घंटांवर नावं आणि अर्पणाचे शब्द कोरलेले असतात. तो मजकूर घासला गेला तर एका घराने जपलेली आठवण पुसली जाते. बेल्जियममधल्या लोव्हेन विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं कॅरिलॉनही १९२८ चं, युद्धात गेलेल्या अमेरिकी अभियंत्यांच्या स्मरणार्थ. दुसऱ्या महायुद्धात ग्रंथालय जळालं आणि वाद्य अनेक दशकं मुकं राहिलं. १९८३ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. त्यासाठी मोठं, तज्ज्ञांचं काम लागलं. मनोऱ्यातलं वाद्य एकदा हातचं गेलं की ते परत आणणं एवढं अवघड असतं.

म्हणून खालीलपैकी काहीही दिसलं तर तिथेच थांबा आणि घंटा-ओतशाळेच्या किंवा कॅरिलॉनच्या जाणकार तंत्रज्ञाला बोलवा.

घंटा बद्द वाजते आणि लोलक, हातोडा दोन्ही बाजूला धरून लाकडी मोगरीने हलकेच वाजवलं तरी बद्दच वाजते. ही भेगेची शंका आहे. तिला पुन्हा ठोका देऊ नका, घड्याळाच्या टोल्यातूनही ती काढा. प्रत्येक ठोक्याने भेग वाढू शकते, आणि लहान भेग दुरुस्त होण्याची शक्यता मोठ्या भेगेपेक्षा जास्त.

घंटेच्या काठावर ठोक्याच्या जागी खळगा पडला आहे. तंत्रज्ञ घंटा थोडी फिरवून नवी जागा लोलकापुढे आणू शकतात, पण त्यासाठी टांगणी सोडवावी लागते.

टांगणीचा बोल्ट सैल आहे, गंजाने फुगला आहे, किंवा घंटा आणि तुळई यांच्यामधली गादी चेपली आहे. झणझणीचं कारण हेच असलं तरी बोल्ट स्वतः आवळू नका. ओटावातल्या कॅनडाच्या संसदेच्या पीस टॉवरमध्ये सगळ्यात लहान घंटा साडेचार किलोची आहे आणि सगळ्यात मोठी दहा टनांच्या आसपास. लहान घंटासुद्धा उंचावरून पडली तर जीव घेते. शिवाय जास्त आवळल्याने घंटेच्या माथ्याला तडा जाऊ शकतो.

तुळईला भेग, जोडावर ताजा गंज, भिंतीतून वाहणारं पाणी. हे बांधकामाच्या अभियंत्याचं काम, आणि तोवर वादन बंद.

बोलावण्याआधी एवढं तयार ठेवा: कोणती घंटा, किती दिवसांपासून, बिघाड लोलकाने होतो की हातोड्याने की दोन्हींनी, तार सोडल्यावर दांडी मोकळी होती का, टर्नबकल मूळ जागेपासून किती फिरवला आहे, आणि गोळ्याचा, काठाचा, टांगणीचा एकेक फोटो. नाद फोनवर ध्वनिमुद्रित करा, बिघडलेल्या घंटेचा आणि तिच्या शेजारच्या दोन चांगल्या घंटांचा, एकाच जागी उभं राहून. यावरून तंत्रज्ञाला कोणते सुटे भाग आणि किती माणसं लागतील याचा अंदाज येतो, आणि बरेचदा पहिल्याच फेरीत काम होतं.